भगवानरावांचे त्रेसष्ट बॅज

चिंचटाकळी हे गाव आर्णी तालुक्यात आहे, पण मोबाईल कंपन्यांना विचाराल तर ते कुठेच नाही. गाव खोलगट जागी बसलेलं, दोन्ही अंगांना बरड टेकाडं. टॉवरची रेंज गावाच्या डोक्यावरून सरळ पुढे निघून जाते, खाली उतरायचं नाव घेत नाही. अख्ख्या गावात ती सापडते एकाच ठिकाणी: भगवानराव गावंडे यांच्या गच्चीवर, पाण्याच्या काळ्या टाकीला लागून, दीड हात जागेत. तिथून एक पाऊल डावीकडे सरकलं की पलीकडचा माणूस अर्ध्या वाक्यात तुटतो. त्या दीड हात जागेवर भगवानरावांनी कायमची खाट टाकली होती, आणि खाटेवर स्वतःला.

शेती होती, चांगली होती. कपाशी, तूर, सोयाबीन, सगळं पिकायचं. पिकवायच्या त्यांच्या पत्नी बेबीताई. भगवानराव गच्चीवरून बघायचे. भगवानराव काही काम करत नाहीत असं कोणी म्हटलं, की ते मनापासून दुखावले जायचे. त्यांच्या मते गावातलं सगळ्यात जोखमीचं काम त्यांच्याच गळ्यात होतं. ते गावाचे ओटीपी सांभाळायचे.

गॅसचं बुकिंग असो, रेशनकार्डाचं केवायसी असो, पोरीची शिष्यवृत्ती असो, चिंचटाकळीतला माणूस फॉर्मवर डोळे मिटून भगवानरावांचा नंबर टाकायचा. स्वतःचा टाकला तर ओटीपी टेकडीवरून परस्पर पुसदकडे निघून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग खालून हाक यायची, "भगवानराव, आला का?" वरून उत्तर जायचं, "आला. वर ये." कारण भगवानरावांचा नियम कडक होता. ओटीपी ओरडून सांगायचा नाही, दुसऱ्याच्या हाती पाठवायचा नाही. ज्याचा असेल त्याने स्वतः जिना चढायचा, आणि तो त्याच्याच कानात सांगितला जायचा. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून वर आणलं जायचं, पण नियम मोडला नाही.

एकदा कुठल्याशा भामट्याचा फोन आला. "सर, मैं हेड ऑफिस से बोल रहा हूँ, जरा ओटीपी बताइए." भगवानराव म्हणाले, "बतायेंगे ना. पहले आओ. आर्णी से दो बजे की एसटी पकडो, फाट्यावर उतरो, वहाँ से दो किलोमीटर पैदल है. छत्री लाना, ऊन लय है." भामट्याने पुन्हा फोन केला नाही. ही गोष्ट भगवानरावांनी गावात प्रत्येकाला निदान चार वेळा सांगितली होती.

एवढा मान असलेल्या माणसाच्या मनात एकच काटा होता, आणि तो काटा पुसदला राहत होता. त्यांची मुलगी समीक्षा पुसदला दिली होती. व्याही गुणवंतराव निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाच्या बैठकीत चाळीस माणसांसमोर त्यांनी विचारलं होतं, "भगवानराव, आपलं शिक्षण कुठवर?" भगवानराव दहावीला गणितात तीनदा नापास. त्यांनी मान खाली घालून तसं सांगितलं. त्यावर गुणवंतराव म्हणाले, "असू द्या, असू द्या." बस. दोन शब्द, तेही दोनदा. सहा वर्षं झाली, समीक्षेला पोरगा होऊन तो बालवाडीत गेला, पण ते "असू द्या" भगवानरावांच्या कानातून निघालं नव्हतं. त्यानंतर व्याही चिंचटाकळीला एकदाही फिरकले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, "तुमच्याकडे रेंज नसते हो."

जून महिन्यात निकिता नावाची एक तरतरीत मुलगी स्कूटीवरून गावात आली. ती यवतमाळच्या एका संस्थेत होती आणि 'कौशल्यतारा' नावाचं ॲप घेऊन आली होती. बचत गटाच्या बायका जमल्या, शेजारच्या तांड्यावरच्याही आल्या. निकिताने समजावलं, की मोबाईलवर छोटे छोटे धडे बघायचे, वीस प्रश्नांची उत्तरं द्यायची, केलेल्या कामाचा फोटो टाकायचा. पास झालं की डिजिटल बॅज. गोल, सोनेरी, मध्ये चित्र.

"तुम्हाला येतं सगळंच," निकिता म्हणाली, "पण येतं याचा पुरावा कुठे आहे? हा बॅज म्हणजे पुरावा. कागदाचं सर्टिफिकेट भिजतं, फाटतं, उंदीर खातात. हा बॅज कोणी खाऊ शकत नाही."

"आमच्या इथचे उंदीर पायले नाही तू," तांड्यावरच्या लालीबाई म्हणाल्या.

मग निकिताने महत्त्वाचं सांगितलं. आर्णीला नवीन शिवण केंद्र निघणार होतं. शिवणकामाचे पाच बॅज जिच्याकडे असतील, तिला तिथे मास्टर ट्रेनर म्हणून घेणार होते. बेबीताई मागे बसून तूर निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला.

बेबीताई बावीस वर्षं गावाचे ब्लाऊज शिवत होत्या. जुना ब्लाऊज उसवून, शिवण बघून, स्वतःच शिकलेल्या. त्यांच्या हातचा ब्लाऊज दंडात काचला किंवा खांद्यावरून उतरला असं आजवर घडलं नव्हतं. पण शिवणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं? "बेबे, झाला का वं?" एवढंच. त्या दिवशी घरी आल्यावर त्या नवऱ्याला सरळ म्हणाल्या, "मले एकडाव तरी कोनी म्याडम म्हणलं पाहिजे. मी हे करतो." वऱ्हाडात बायाही 'करतो' म्हणतात, आणि म्हटलं की करतात.

अडचण एकच. ॲपला रेंज लागते. झालं, दुपारच्या वेळी गच्चीवर शाळा भरू लागली. मोबाईल भगवानरावांचा, कारण त्यांच्याच फोनला त्या जागेची सवय होती. शिवाय तो टाकीच्या कडेला विशिष्ट तिरका धरावा लागायचा, आणि ती तिरकस कला फक्त त्यांनाच साधली होती. पहिल्याच दिवशी ॲपने विचारलं, 'नाव?' भगवानरावांनी आजवर गावासाठी शेकड्यांनी फॉर्म भरले होते, आणि नंबरखाली नेहमी विचारलेलं असायचं, मोबाईल कोणाचा. त्यांनी बिनधास्त टाकलं: भगवान गावंडे. ॲपने ते लक्षात ठेवलं आणि पुन्हा कधी नाव विचारलं नाही.

मग काय! एकेका बाईने खाटेसमोर बसायचं आणि भगवानरावांनी फोन तिरका धरून, खणखणीत आवाजात प्रश्न वाचायचे. "प्रश्न नंबर सात. अस्तराचं कापड कापायच्या आधी काय करा लागते?" बेबीताई म्हणायच्या, "पाण्यातून काढा लागते, नाही तं मंग आटते." "बरोबर!" भगवानराव ओरडायचे, जणू प्रश्न त्यांनीच काढला होता. लालीबाईंनी कोंबडीपालनाचे बॅज घेतले. खुशी नावाची पोरगी घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची, तिने भुवया कोरण्याचे घेतले. कोणी लोणच्याचे, कोणी घरगुती स्वयंपाकाचे, कोणी बाळंतिणीच्या काळजीचे. बॅज मिळाला की फोनवर सोनेरी गोल फिरायचा, सगळ्या बाया टाळ्या वाजवायच्या, आणि त्यावर बारीक अक्षरात नाव कोणाचं आहे हे बघायला कोणी चष्मा घालून बसलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस मेसेज आला. 'अभिनंदन, भगवान गावंडे! आपण त्रेसष्ट बॅज मिळवून जिल्ह्यात प्रथम आला आहात. वीस तारखेला यवतमाळ येथे आपला सत्कार.'

भगवानरावांनी मेसेज चार वेळा वाचला. चौथ्या वेळी त्यांना तो खराच वाटू लागला. हे कसं झालं ते त्यांना समजलं नव्हतं असं नाही. पण समजण्याची त्यांनी घाई केली नाही. त्यांनी मेसेज पुढे पाठवला. पाठवायचा एकालाच होता.

तासाभरात पुसदहून फोन आला. "भगवानराव," गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच बरोबरीच्या माणसाशी बोलावा तसा होता, "त्रेसष्ट? अहो, मी छत्तीस वर्षं नोकरी केली, मला एक आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला नाही. मी येतो यवतमाळला. पहिल्या रांगेत बसतो."

भगवानराव खाटेवर आडवे झाले आणि आभाळाकडे बघत राहिले. त्यांना इतकं बरं वाटलं होतं की ते जेवायलाही खाली आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निकिता धापा टाकत जिना चढली. पाठोपाठ बेबीताई, लालीबाई, खुशी. निकिताच्या हातात यादी होती. चिंचटाकळीच्या एकेचाळीस बायकांच्या नावासमोर शून्य आणि भगवानरावांच्या नावासमोर त्रेसष्ट.

"काका, एका नंबरवर एकच माणूस धरतं ते ॲप," ती रडकुंडीला आली होती. "आता बदलायचं तर एकच मार्ग आहे. नंबर ज्याचा आहे त्याने वीस तारखेला जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांसमोर उभं राहून सांगायचं, की हे बॅज माझे नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी यादी बंद होते आणि मास्टर ट्रेनरही त्याच यादीतून निवडतात. काकूंचे सहा बॅज आहेत. पण नावावर एकही नाही."

सगळ्यांनी भगवानरावांकडे बघितलं. भगवानरावांना डोळ्यांसमोर पहिली रांग दिसत होती. ते टाकीकडे तोंड करून म्हणाले, "पाहू."

बेबीताई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पाहा," आणि खाली गेल्या.

सकाळी चहा आला नाही. भगवानरावांनी वरून आवाज दिला, "अवं, चहा?" खालून उत्तर आलं, "घरगुती स्वयंपाक, स्तर तीन. बॅज कोनापाशी हाय? ज्याच्यापाशी हाय त्यानं करावा."

भगवानरावांना चहा कसा करतात हे तोंडपाठ होतं. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं, हेही पाठ होतं. तो प्रश्न त्यांनी अकरा बायकांना वाचून दाखवला होता. डोकं सगळं सांगत होतं, हात काहीच ऐकत नव्हते. त्यांनी थापलेल्या भाकरीला एका बाजूने शेपूट आलं आणि मध्ये खिडकी पडली. ती त्यांनी खिडकीच्या कडेकडेने खाल्ली.

दुपारी लालीबाई तांड्यावरून कोंबडी घेऊन आल्या. "हे घ्या. लस द्या हिले."

"मी कायले देऊ?"

"बॅज तुमच्यापाशी हाय ना भाऊ? मी तं अडानी बाई. शून्यवाली."

"राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब," भगवानराव सवयीने बोलून गेले. पण कोंबडीला हे ठाऊक नव्हतं. पहिला थेंब त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात गेला आणि कोंबडी टाकीवर जाऊन बसली. तिथे तिने जे केलं ते रेंजच्या अगदी बरोबर जागेवर केलं.

मग हे रोजचंच झालं. कोणी लोणच्याची बरणी आणून ठेवी, "बुरशी आली, पाहा जरा." कोणी रडणारं लेकरू खाटेवर ठेवी, "बाळाची निगा, स्तर दोन." खुशी तर आरसा घेऊनच आली, "काका, मंगळवारी दोन नवऱ्या हायेत, तुम्हीच या." भगवानराव वैतागून म्हणाले, "तुम्ही साऱ्याजणी मिळून मले त्रास देऊन राह्यल्या." लालीबाई म्हणाल्या, "आमी कायले देऊ? आमाले तं काहीच येत नाही." आणि सगळ्या हसत जिना उतरल्या. एकट्या बेबीताई हसल्या नाहीत. त्यांचं शिलाई मशीन आठ दिवस झाकलेलं होतं, आणि ते बघून भगवानरावांना वाटायचं, सांगून टाकावं. पण मग पहिली रांग आठवायची आणि ते पुन्हा म्हणायचे, पाहू.

वीस तारखेला सकाळी त्यांच्या नव्या शर्टाचं वरचं बटन निघालं. त्यांनी शर्ट बायकोपुढे धरला. बेबीताईंनी सुई त्यांच्या हातात दिली आणि त्या बाकीच्या बायांबरोबर फाट्याकडे निघून गेल्या. शिवणकामाचे सहा बॅज नावावर असलेला माणूस शर्टाला पिन लावून यवतमाळला गेला. एसटीत एकेचाळीस बाया मागे बसल्या होत्या. भगवानराव एकटे ड्रायव्हरच्या मागे बसले.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत गुणवंतराव, इस्त्रीचा सदरा, मांडीवर शाल. ती त्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर घालण्यासाठी स्वतः आणली होती. त्यांनी भगवानरावांना लांबूनच हात जोडले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आधी हात जोडले होते. भगवानरावांचं मन जे थोडं डळमळत होतं, ते पुन्हा घट्ट झालं.

मोठे साहेब हसतमुख होते. त्यांच्या भुवया मात्र भलत्याच दाट, मधोमध एकमेकींना भेटलेल्या. भाषण आटोपून ते म्हणाले, "बोलणं पुष्कळ झालं. आता भगवानराव आपल्याला प्रात्यक्षिक दाखवतील. कोणतं बरं?" त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "भुवया कोरणे, स्तर दोन! हा तर चमत्कारच आहे. शेतकरी माणूस आणि भुवया!"

हॉल हसला. साहेब खुर्चीवर बसले. "माझ्याच करा. बायको लग्नापासून मागे लागली आहे."

भगवानरावांच्या हातात दोऱ्याचं रीळ आलं. आता तरी सांगायला हवं होतं. पण समोर गुणवंतराव शाल सावरत मान डोलवत होते, आणि डोक्यात धडा आपोआप सुरू झाला होता: दोरा दातात धरावा, कातडी ताणावी, केस वाढीच्या उलट दिशेनं ओढावे. सोपं तर आहे, त्यांना वाटलं. त्यांनी दोरा दातात धरला. साहेबांनी विश्वासाने डोळे मिटले. मागच्या रांगेतून खुशी किंचाळली, "काका, नोका!"

भगवानरावांनी ओढलं.

"आई गंऽऽ!" साहेबांचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यांच्या डाव्या भुवईत हरभऱ्याएवढी जागा स्वच्छ मोकळी झाली होती. साहेबांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं, भुवई चाचपली आणि पुन्हा डोळे मिटले. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "करा पुढे. तुम्ही जिल्ह्यात पहिले आहात, तुमच्यावर विश्वास आहे."

साहेब रागावले असते तर भगवानरावांनी ते पचवलं असतं. पण हा विश्वास त्यांना सोसवेना. याच विश्वासावर तर त्यांनी आयुष्यभर नाव कमावलं होतं. इतकी वर्षं त्यांनी एकही ओटीपी चुकीच्या माणसाला दिला नव्हता, भामट्यालासुद्धा स्वतः ये म्हणाले होते. आणि आता त्रेसष्ट बॅज चुकीच्या माणसाजवळ पडून होते, आणि तो माणूस म्हणजे आपणच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पहिल्या रांगेकडे न बघताच त्यांनी माईक ओढला. दोरा अजून दातातच होता, तो थुंकून ते म्हणाले:

"साहेब, डोये उघडा. हे बॅज माहे नाहीत. एकबी नाही. मी निसता मोबाईल धरून बसलो होतो."

"मग कोणाचे आहेत?"

"सांगतो ना. देवीलालची बायको, कोंबडीपालन, तीन बॅज. पाच जुलै, अठरा जुलै..."

"नावं सांगा, भगवानराव. अमक्याची बायको असं यादीत चढत नाही."

"लालीबाई देवीलाल राठोड," भगवानराव म्हणाले, आणि मग ते थांबलेच नाहीत. हातात कागद नव्हता. खुशी, भुवया कोरणे, चार बॅज. राखी, लिंबाचं लोणचं, एक. रुपाली, बाळंतिणीची काळजी, दोन. दुसऱ्या वेळी लेकरू रडत होतं, तरी अठरा गुण. निकिता टॅबवर बोट फिरवत तारखा जुळवत होती आणि प्रत्येक वेळी मान हलवत होती. दहावीला तीनदा नापास झालेला माणूस चाळीस नावं आणि सत्तावन्न तारखा घडाघडा म्हणत होता, आणि हॉल ऐकत होता.

सत्तावन्न झाल्यावर ते अडखळले. "राह्यले सहा. ते... आमच्या घरचे. समीक्षाच्या मायचे."

"नाव?" साहेब म्हणाले.

एकतीस वर्षांच्या संसारात भगवानरावांनी बायकोचं नाव चारचौघांत घेतलं ते एकदाच, लग्नात, तेही चुलत्याने पाठीत धपका घातल्यावर. ते लाल झाले. मग पिन लावलेली कॉलर सरळ करून त्यांनी माईक तोंडाजवळ नेला.

"बेबी भगवान गावंडे. शिवणकाम. सहा बॅज. साहीच्या साही वेळा वीसपैकी वीस. एकडाव माह्या हातून मोबाईल हलला अन् रेंज गेलती, तरी वीस."

मागच्या रांगा उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. लालीबाईंनी तर शिट्टी मारली. तेवढ्यात खुशी पिशवी घेऊन मंचावर आली आणि साहेबांना म्हणाली, "सर, बसा गप. असे अर्धे घरी कसे जासान?" पाच मिनिटांत तिने दोन्ही भुवया अशा बारीक, सारख्या करून दिल्या की हरभऱ्याची जागा कुठे होती ते सांगता येईना. साहेबांनी आरशात बघितलं. "आता घरी मला आत घेतील की नाही कोण जाणे," ते म्हणाले, पण हसत म्हणाले.

बॅज ज्याच्या त्याच्या नावावर चढवायला निकिताने टॅब पुढे घेतला, आणि तिथे एक गंमत निघाली. प्रत्येक बॅजसाठी एक ओटीपी लागणार होता. ओटीपी अर्थातच येणार होता भगवानरावांच्या नंबरवर. साहेब म्हणाले, "द्या भराभर वाचून." भगवानराव म्हणाले, "माफ करा साहेब, तसं होत नाही. ज्याचा त्यानं येऊन घ्यावा."

मग यवतमाळच्या त्या हॉलमध्ये मंचावर रांग लागली. एकेक बाई पुढे यायची, भगवानराव तिच्या कानात चार आकडे सांगायचे, ती ते निकिताला सांगायची. त्रेसष्ट वेळा. जिल्ह्याची बडी मंडळी चहा पीत वाट बघत बसली. शेवटी बेबीताई आल्या. भगवानराव त्यांच्या कानाशी वाकले आणि त्यांनी आकडे सांगितले.

"ऐकू नाही आलं," बेबीताई म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

भगवानरावांनी पुन्हा सांगितले. ऐकू पहिल्या वेळीच आलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी साहेबांनी निवड वाचली. "आर्णी शिवण केंद्र. मास्टर ट्रेनर, बेबीताई गावंडे मॅडम." मॅडम म्हटल्यावर बेबीताईंनी मागे वळून बघितलं, कोण आली म्हणून. मागे कोणीच नव्हतं. तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. जाता जाता त्यांनी पर्समधून सुईदोरा आणि बटन काढलं आणि उभ्या उभ्या नवऱ्याच्या शर्टाला लावून टाकलं. सकाळपासून ते त्यांच्या पर्समध्येच होतं.

हॉल रिकामा झाला. भगवानरावांच्या खात्यात आता भलंमोठं शून्य होतं. ते जिन्याकडे निघाले तर खाली गुणवंतराव उभे. खांद्यावर घालायची शाल अजून त्यांच्या हातातच होती. भगवानरावांना वाटलं, आता येणार ते दोन शब्द. त्यांनी मान खाली घातली.

गुणवंतरावांनी इकडेतिकडे बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "भगवानराव, एक काम होतं. दर नोव्हेंबरात मी जिवंत आहे असा दाखला काढावा लागतो, पेन्शनसाठी. ओटीपी येतो म्हणतात. मला तो मोबाईलमध्ये सापडतच नाही. सापडेपर्यंत वेळ संपतो. मागच्या वर्षी तर तीन महिने मी मेलेलाच होतो. पोरांना विचारायची लाज वाटते हो, मुख्याध्यापक होतो मी. तुमचा नंबर टाकला तर चालेल का?"

भगवानरावांनी मान वर केली. सहा वर्षांपूर्वीचा काटा कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

"असू द्या, असू द्या," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "टाका माहा नंबर. पण व्याही, ओटीपी घ्याले सोता या लागते. आर्णीहून दोनची एसटी हाय."

"येतो की," गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी ती शाल उलगडून भगवानरावांच्या खांद्यावर घातली.